समोरच्या ताईंची जागा

३ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार घ्या. घ्यायचा नसेल तर खिडकीत ठेवून द्या, मनात येईल तेव्हा घ्या. नमस्कार काही नासत नाही.

फोन तुम्ही उचलत नाही. मेसेज वाचता, ते मला दिसतं, आणि मग काहीच नाही. म्हणून पत्र. पत्राचं एक बरं असतं, ते मध्येच ठेवून देता येत नाही. फाडता येतं म्हणा, पण तुम्ही पडलात शिवणारी बाई. कागद असो की कापड, उलटसुलट करून बघितल्याशिवाय तुमचा हात चालायचा नाही, आणि तेवढ्यात माझं वाचून होईल.

हे पत्र रुसवा काढायला लिहितेय असा गैरसमज करून घेऊ नका. मी का म्हणून काढू? मला फक्त एक सल्ला हवाय, धंद्यातला.

झालंय असं, की मी पॉडकास्ट सुरू केलाय. हसू नका. पॉडकास्ट म्हणजे रेडिओसारखंच, फक्त कुणीही उठावं आणि करावं, आणि कुणीही हवं तेव्हा ऐकावं. ही आपल्या सूनबाईची कल्पना. तुम्ही मुलाकडे गेल्यापासून दुकानात माझ्यासमोर नुसतं तुमचं मशीन, त्याच्याशी किती बोलणार? मग ते सगळं मी घरी येऊन बोलायचे. तुमच्या बंधुराजांना तर तुम्ही ओळखताच, पेपरच्या मागे जाऊन बसतात. शेवटी सून म्हणाली, "आई, कॉलर कशी उलटायची ते मला आता झोपेत विचारलं तरी सांगता येईल. हे सगळं बाहेरच्या लोकांना सांगा ना. त्यांना उपयोग होईल, आम्हाला विश्रांती मिळेल." तोंडावर म्हणाली! तुम्ही असता तर तिला शाबासकी दिली असती.

तर विषय आपलाच. उसवलेलं, फाटलेलं, आखूड झालेलं, सैल पडलेलं. नावही तेच ठेवलं, पाटीवर आहे तेच, 'दोघींचं दुकान'. सून म्हणाली, नाव बदलायचं का? मी म्हटलं, पाटीचा रंग अजून चांगला आहे, उगाच कशाला.

पहिला भाग मी अगदी मन लावून बोलले. चेन कशी बदलायची, सगळं बैजवार. बोलता बोलता समोर एक स्कर्ट घेतला होता, सवयीने हात चालू. सूनबाईने ऐकलं, पुन्हा ऐकलं आणि विचारलं, "आई, ही कुठली भाषा?" तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पूर्णवेळ ओठांत टाचण्या धरून बोलले होते. नवऱ्याला कळेना, सुनेला कळेना, मला स्वतःला ऐकून कळेना. तुम्हाला कळलं असतं. इतकी वर्षं तुम्ही माझं टाचण्यांमधूनच तर ऐकत आलात.

तर विचारायचं ते हे: टाचण्या ओठांत नसल्या की हातांचं काय करायचं? मला सुचेनासं होतं. काही युक्ती असली तर कळवा. बाकी इकडे सगळं झकास, कुणाचं कुणावाचून अडत नाही.

तुमची भावजय

१७ फेब्रुवारी

ताई,

युक्ती काही आली नाही. असो. मी मांडीवर पिनकुशन घेऊन बसते आणि टाचण्या टोचते, काढते, टोचते, काढते. जमतंय.

पहिला भाग बाहेर पडला बरं का! कुठे बोलते सांगू? ट्रायल रूममध्ये. हो, पडदा ओढून, आत स्टुलावर. दुकानात बोलले तर रस्त्यावरचे हॉर्न येतात. घरी बोलले तर भिंतीवरून आवाज घुमून परत येतो, विहिरीत बसल्यासारखा. सूनबाईने कुठंतरी वाचलं की कपड्यांच्या कपाटात आवाज छान येतो. मग आपल्याकडे कपड्यांना काय तोटा? झालेले कोट सगळे ट्रायल रूममध्ये टांगले आणि त्यांच्यामध्ये मी. परवा एक गिऱ्हाईक पँट घालून बघायला पडदा सारून आत आलं आणि मला बघून किंचाळलं. ते पण रेकॉर्ड झालंय. सून म्हणते, ठेवूया.

नवशिकीची फजिती म्हणाल तर रोज नवी. पहिल्यांदा सगळं वहीत लिहून काढलं आणि वाचलं. ऐकलं तर शाळेत भाषण पाठ करून आलेली मुलगी! वही फेकून दिली. मग माइकची तऱ्हा. चिमट्यासारखा असतो, कॉलरला लावायचा. मी तो गळ्यातल्या मापाच्या टेपला लावला, कारण गळ्यात टेप असतेच, नाही का? मान हलली की टेप घासणार आणि ऐकणाऱ्याला वाटणार आत उंदीर शिरलाय. टेप काढून ठेवली तर मला उघडंउघडं वाटायला लागलं. शेवटी टेप खिशात आणि माइक कॉलरला. आणि हो, पहिलं सगळ्यात चांगलं बोलणं कुठे गेलं माहितेय? कुठेच नाही. बटण दाबायचं राहिलं होतं. इतकं सुंदर बोलले होते ताई, तुम्ही असता तर तुम्हीसुद्धा नाक मुरडलं नसतं.

लोकांनी खाली लिहिलंय. बरंच बरं लिहिलंय. पण एक प्रश्न सगळ्यांचा. "नाव दोघींचं, मग दुसरी कुठाय?" एकाने लिहिलं, "समोरच्या ताई आजारी आहेत का?" ते आपलं जुनं गिऱ्हाईक असणार, 'समोरच्या ताई' म्हणतंय म्हणजे. मी उत्तर दिलं, "प्रवासात आहेत." खोटं नाही ना हे? इतके महिने प्रवास करणारी माणसं असतात जगात.

बंधुराज एक सांगून ठेवा म्हणालेत, म्हणून सांगते. कोपऱ्यावर काजं-बटणं करते ना, ती बाई विचारत होती, तुमची जागा रिकामी आहे तर ती येऊन बसू का? माणूस चांगली आहे. हात स्वच्छ आहे. बंधुराज म्हणतात, एप्रिलअखेर काय ते सांगून टाक, तिला किती ताटकळत ठेवायचं? मी म्हटलं, बघू. तुमचा काय विचार? तुम्हाला काही फरक पडत नसेलच म्हणा. मलाही पडत नाही.

भावजय

९ मार्च

ताई,

आज जरा नीट लिहिते.

तिसऱ्या भागाला पाहुणा बोलावला होता. आपले बसचालक, गुडघ्यावर पँट झिजवून आणतात ते. एवढे गप्पिष्ट, दुकानात आले की जायचं नाव घेत नाहीत. मला वाटलं, यांना बोलतं करायची गरजच नाही. माइक लावला आणि माणसाची वाचाच गेली. मी विचारलं, "रोज तेवढा वेळ बसून पँट झिजत असेल?" "हो." "डावा गुडघा जास्त?" "नाही." "म्हणजे उजवा?" "हो." माझ्या लक्षात आलं, की हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारलं तर पाहुणा तेवढंच देतो. मग विचारलं, "त्या दिवशी भर चौकात तुमच्या पँटचं काय झालं?" झालं! मग ते थांबेनात. घरून त्यांच्या बायकोचा फोन आला, तो पण त्यांनी माइकवरच घेतला. हा भाग सगळ्यात जास्त ऐकला लोकांनी.

पण लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

सूनबाई माझं बोलणं कापून-जोडून नीट करते. तिच्या कॉम्प्युटरवर आवाज दिसतो, खरंच दिसतो, शिवणीसारखा वरखाली. काल तिने मला जवळ बोलावलं. म्हणाली, "आई, हे बघा. तुम्ही एक वाक्य बोलता आणि थांबता. दुसरं बोलता आणि थांबता. प्रत्येक वेळी एवढंच. दम लागतो का तुम्हाला? डॉक्टरकडे जायचं का?"

मी म्हटलं, दम कसला, मी तर धडधाकट आहे. मग आम्ही ऐकलं. मी म्हणते, "पँटची खालची शिवण उसवली की घाबरू नका." थांबते. "धागा त्याच रंगाचा मिळालाच पाहिजे असं नाही." थांबते. आणि ताई, ऐकता ऐकता मला उमगलं. मी दम खायला थांबत नव्हते हो. मी तुमच्यासाठी थांबत होते.

मी म्हणायचं, रंग थोडा वेगळा चालेल, आणि समोरून तुम्ही म्हणायचं, "तुझ्या डोळ्यांना सगळंच चालतं." मी म्हणायचं, घाबरू नका, आणि तुम्ही म्हणायचं, "हिने हात लावायच्या आधी घाबरा." लोक पँट घ्यायला यायचे आणि हे ऐकत बसायचे. इतकी वर्षं मी अर्धंच बोलत आले, अर्धं तुमच्यावर सोडून. माझ्या जिभेला तशीच सवय लागलीय. आता तुम्ही नाही, तरी ती थांबते.

सुनेला मी हे सांगितलं नाही. म्हटलं, सवय आहे, कापून टाक. तिने सगळ्या रिकाम्या जागा कापल्या. आणि आता ऐकलं की वाटतं, बस सुटत असताना मागे धावणारी बाई पत्ता विचारतेय. कुणालाच आवडलं नाही. मलाही नाही.

आठवण येते, ताई. लिहून टाकलं. खोडायचं नाही म्हणून पेनाने लिहिलंय.

भावजय

२४ मार्च

ताई,

गेल्या पत्राने तुमचा पाय हलला नाही, हे दिसतंच आहे. बरं. मी पण आता धंद्याचंच बोलते.

पॉडकास्टच्या सुरुवातीला काहीतरी वाजायला हवं असतं. लोक गाणं लावतात. मी तुमचं मशीन लावते. माझ्या मोटरच्या मशीनचा आवाज म्हणजे डास, पण तुमच्या पायमशीनचा आवाज, लोक म्हणतात, ऐकत राहावा. म्हणून आठवड्यातून एकदा मी ते पुसते, तेल देते आणि जरासं चालवते. केवळ आवाजासाठी. नाहीतर मला काय करायचंय तुमच्या मशीनचं.

आता ऐका गंमत. खाली कुणी लिहिलं असेल? वकीलसाहेबांनी! "कोटाच्या बाहीवरही एक भाग होऊन जाऊ द्या. माझा अनुभव दांडगा आहे." पुढे हसणारा चेहरा. म्हणजे माणूस हसतोय, ताई. ज्याचा कोट गेला तो हसतोय आणि आपण दोघी अजून तोंड फिरवून बसलोय.

सूनबाईला तो किस्सा पूर्ण माहीत नव्हता, तिने विचारलं. तिला जसं सांगितलं तसं लिहिते, चुकत असेल तर सांगा.

दुकानाला रंग दिला तो आठवडा. आधी आपण सगळे कपडे एका दांडीवर टांगायचो आणि झालेल्याला चिंधी बांधायचो. रंगाच्या वेळी बंधुराजांना सुधारणा करायची हुक्की आली. त्यांनी दांडी काढली, समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन खुंट्या ठोकल्या आणि फर्मान काढलं, "डाव्या भिंतीवर बाकी काम, उजव्या भिंतीवर झालेलं. एवढं सोपं आहे." पहिलाच कपडा वकीलसाहेबांचा कोट. बाही दोन बोटं कमी करायची. ती तुम्ही केलीत आणि कोट टांगलात. मी आले, मला तो बाकी कामाच्या खुंटीवर दिसला, मी परत दोन बोटं कमी केली. वकीलसाहेबांनी भर दुकानात कोट चढवला आणि म्हणाले, "हा माझाच का? की माझ्या पुतण्याचा?" मनगट केव्हाचं बाहेर.

तुम्ही म्हणालात, झालेल्याच्या खुंटीवर लावला होता. मी म्हटलं, नव्हता. तुम्ही म्हणालात, होता. तुम्ही मला खोटारडी म्हणालात, मी तुम्हाला म्हटलं नजर गेलीय, मशीन सोडा. फिट्टंफाट. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही मुलाकडे, आमच्या भाच्याकडे, 'चार दिवस' गेलात.

सूनबाईने सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग खरं कोण बोलत होतं?" मी म्हटलं, मी. ती म्हणाली, "आत्याही असंच म्हणत असतील." आगाऊ आहे. पण मी कोटावर भाग करणार आहे, ठरलं.

भावजय

६ एप्रिल

ताई, ताई, ताई,

बसला आहात का? बसा आधी.

काल कोटावरच्या भागासाठी तयारी करत होते. सूनबाई म्हणाली, मशीनच्या जवळ बसून बोला, म्हणजे मध्ये मध्ये मशीन वाजवता येईल. पायमशीन म्हणजे तुमचं. मी आजवर ते उभ्याउभ्याच पुसायचे, चालवायचे, तुमच्या खुर्चीवर कधी बसले नव्हते. बसवतच नव्हतं. काल बसले.

बसले आणि समोर बघितलं. समोर माझं रिकामं मशीन. गंमत वाटली, तुम्हाला एवढी वर्षं हे ध्यान दिसत होतं. मग म्हटलं, कोट हातात घेऊ, डावीकडे हात केला. आणि माझी डावीकडची भिंत कुठली? आरशाची! ताई, माझ्या मशीनवरून डावीकडे दार आहे. तुमच्या मशीनवरून डावीकडे आरसा!

आपण समोरासमोर बसतो हो! तुमचं उजवं ते माझं डावं! तुम्ही कोट झालेल्याच्या खुंटीवरच लावला होतात, दाराकडच्या, तुमच्या उजव्या. आणि मला तो बाकी कामाच्याच खुंटीवर दिसला, दाराकडच्या, माझ्या डाव्या! तुम्ही पण खरं, मी पण खरं! रागाच्या भरात एकीनेही हात करून दाखवलं नाही, नुसतं होता-नव्हता, होता-नव्हता. आणि तुम्ही गेल्यावर मी एकटीच माझ्या जागेवरून सगळं टांगते, मग मला कधी कळणार!

मी अशी ओरडले की सून धावत आली. मग आम्ही दोघी तशाच घरी गेलो. बंधुराज पेपरच्या मागे होते. मी पेपर बाजूला केला आणि विचारलं, "तुम्ही डावी भिंत म्हणालात ती कुणाची डावी?" ते म्हणाले, "डावी म्हणजे डावी. भिंतीची डावी." भिंतीची! मी म्हटलं, भिंत काय पँट घालते का, तिला डावं-उजवं असायला? त्यांनी मग पेपर घडी करून ठेवला. तुम्हाला माहितेय, हे किती मोठं आहे.

तर मी तसाच भाग बोलले, तुमच्या खुर्चीवर बसून. बाहीचं माप कसं घ्यायचं ते सांगितलं, कोटाचा किस्सा सांगितला, खुंट्यांचं सांगितलं. आणि सुनेला बजावलं, या भागातली एकही रिकामी जागा कापायची नाही. ती म्हणाली, "लोकांना वाटेल बिघडलंय." मी म्हटलं, वाटू दे. ज्यांच्यासाठी ठेवलीय त्यांना कळेल.

भाग बाहेर पडलाय. भाचेसूनबाईला सांगा, ती लावून देईल. नुसतं ऐका. बाकी काही म्हणणं नाही.

तुमची,
खोटारडी नसलेली, आणि तुमची नजर शाबूत आहे हे मान्य असलेली

२२ एप्रिल

ताई,

दोन आठवडे झाले. काय समजायचं मी?

एवढं डावं-उजवं उलगडून सांगितलं, तुमची चूक नाही, माझी चूक नाही, आता अडतंय कुठे? लोकांनी खाली काय काय लिहिलंय! वकीलसाहेबांनी लिहिलं, "कोटाला न्याय मिळाला." बसचालक म्हणाले, प्रवाशांना ऐकवला. एकाने तेवढं लिहिलं, "मध्ये मध्ये आवाज जातो, माइक बदला." त्याला काय कळतंय.

आणि तुम्ही? तुम्ही गप्प. माझा अगदी तिळपापड होतोय. तुमच्या मानाचं एवढं वजन आहे का, की उचलून इथवर आणता येत नाही?

काजं-बटणंवाली आज परत आली होती. तुमच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मला तो हात बघवेना, म्हणून मी आत ट्रायल रूममध्ये गेले आणि कोटांमध्ये उभी राहिले. रडले नाही. नाक पुसलं एकदा. बाहेर आले आणि तिला म्हटलं, महिना संपतच आलाय, सोमवारी सांगते. आता माझ्याकडे सांगायला कारण उरलेलं नाही. तुम्हीच सांगा, काय कारण सांगू?

भावजय

२८ एप्रिल

अहो ताई,

आलं! तुमचं उत्तर आलं! पत्र नाही, फोन नाही, आवाज आला! सूनबाईच्या फोनवर, भाच्याने पाठवलेला.

सोमवारी सकाळी काजं-बटणंवाली दारात येऊन उभी. मी तोंड उघडणार, 'ये बाई, बस' म्हणणार, तेवढ्यात सून फोन हातात धरून आत आली. तिने तो कटिंगच्या टेबलावर ठेवला आणि चालू केला.

आधी मशीन वाजलं. मी म्हटलं, हा माझाच भाग, हा कशाला लावलास? मग मी बोलले, "नमस्कार, मी दोघींच्या दुकानातून बोलतेय." आणि थांबले. आणि त्या रिकाम्या जागेत तुम्ही!

"दुकान राहू दे. आधी टाचण्या खाली ठेव, गिळशील एखादी."

मी उडालेच. पुढे मी, "बाहीचं माप घेताना हात सरळ सोडायचा." तुम्ही, "आणि तोंड बंद ठेवायचं, हे पण सांग त्यांना." मी, "घाईत कापू नका." तुम्ही, "बघा कोण बोलतंय." प्रत्येक जागेत! एकही जागा रिकामी सोडली नाहीत. म्हणजे ताई, तुम्ही तीन आठवडे गप्प नव्हतात. तीन आठवडे तुम्ही बसून हे करत होतात! भाचा म्हणतो, पहिल्या वेळी तुम्ही इतक्या मोठ्याने बोललात की माझा आवाज बुडाला. दुसऱ्या वेळी बटण दाबायचं राहिलं. तिसऱ्या वेळी तुम्ही ओठांत टाचण्या धरून बोललात. मला इतकं बरं वाटलं ते ऐकून, काय सांगू.

दुकानात तोवर माणसं जमली. काजं-बटणंवाली पोट धरून हसत होती. वकीलसाहेब आपली नवी पँट घ्यायला आले होते, ते उभे राहिले ते राहिलेच.

मग तो खुंट्यांचा भाग आला. मी म्हणते, "तेव्हा आमच्या ताईही खरं बोलत होत्या आणि मीही." आणि थांबते. आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत. मी मनात म्हटलं, संपलं, इथे चिडल्या. मग तुमचा आवाज आला, जरा भरून आलेला, आणि तुम्ही तो लपवला नाहीत.

"अगं टकळे, तू थांबलीस ना, तेव्हाच मला कळलं. पहिल्याच भागात कळलं होतं. पण पुढे सून कापून टाकायला लागली, मला बोलायला जागाच नव्हती. मशीनच्या खालच्या सांध्याला तेल दिलेलं नाहीस, इथवर कुरकुर ऐकू येते. माझ्या खुर्चीवर कुणाला बसवू नकोस. तू पण बसू नकोस. मी येतेय."

मी रडले. सगळ्यांसमोर रडले, कोटांच्या मागे वगैरे गेले नाही. वकीलसाहेबांनी रुमाल दिला, त्याची कड उसवलेली होती, ती शिवून परत केला.

काजं-बटणंवालीला मी काहीच सांगितलं नाही. तीच म्हणाली, "मला खिडकीजवळ स्टूल चालेल. मध्ये बसून हे फुकट ऐकायला मिळणार असेल तर स्टूलच द्या." तिला स्टूल दिलंय.

खालच्या सांध्याला तेल दिलं. खुर्ची पुसली. दोन्ही खुंट्या मी आजच उपटून काढल्या, भिंतीला दोन भोकं राहिलीत, ती तशीच असू देत. तुम्ही आलात की आपण दोघी समोरासमोर उभ्या राहू, हात करून दाखवू आणि मग ठोकू. बंधुराजांना हातोडी द्यायची नाही. ते म्हणतात, निदान खिळे तरी धरू द्या.

गाडी कुठली ते कळवा. स्टेशनवर मी येईन, आणि या वेळी मी मुळीच थांबणार नाही, आधी मीच बोलणार.

तुमची
टकळी